आईला वाचून दाखवलेला सिनेमा, आणि तुम्ही सध्या काय पाहताय?

पारोळेकर

मे महिन्यात जळगावला दुपारी बारा ते पाच माणसाने काय करायचं असतं, तर काही नाही. कूलरमध्ये पाणी ओतायचं, खिडकीला ओलं पोतं लावायचं आणि पडून राहायचं. त्यात यंदा आईच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, म्हणून तिला गावाहून इकडे आणलंय. काळा चष्मा, दिवसातून चार वेळा थेंब, वाकायचं नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, चुलीजवळ जायचं नाही. चौथ्या दिवशी बाई कंटाळली. मालिका तिला न बघताही कळतात. "त्या रडतस, मंग धाडकन वाजस," एवढंच तिचं परीक्षण.

मला संध्याकाळी काम संपलं की जुने परदेशी सिनेमे बघायची खोड आहे. त्या दिवशी जपानी दिग्दर्शक ओझूचा 'टोकियो स्टोरी' लावला, १९५३ चा, कृष्णधवल. हेडफोन सापडत नव्हता म्हणून तसाच. पाच मिनिटांनी पलंगावरून आवाज आला, "काय म्हनी राहिनात त्या?"

म्हटलं, जपानी आहेत. म्हातारा-म्हातारी पोरांकडे टोकियोला निघालेत, सामान भरतायत.

"ते समजनं. म्हनतस काय?"

झालं. तिथून पुढे सव्वादोन तास मी खाली येणारी इंग्रजी ओळ वाचायची आणि अहिराणीत सांगायची, असं चाललं. सुरुवातीलाच म्हातारा विचारतो, ती फुगवायची उशी कुठंय? म्हातारी म्हणते, तुमच्याकडेच दिली. तो म्हणतो, माझ्याकडे नाही. थोड्या वेळाने त्याच्याच सामानात सापडते. आई मोठ्याने हसली. "तुना बाप बी आसाच व्हता." मग बराच वेळ गप्प.

त्या सिनेमात सगळे सारखे हातपंखे हलवत असतात. डॉक्टर मुलगा, सलूनवाली मुलगी, म्हातारे, पाहुणे, सगळे. आईला पडद्यावर नुसतं काळं-पांढरं हलताना दिसत होतं, म्हणून मी सांगितलं. "तठे बी उन्हाया शे?" असं म्हणून तिने उशाचा विणलेला पंखा उचलला आणि शेवटपर्यंत हलवत बसली. लाइट होती, कूलर चालू होता, तरी.

एके ठिकाणी मी अडकलो. सलूनमध्ये आई-बाप येतात, तेव्हा समोर बसलेली बाई मुलीला विचारते, हे कोण? मुलगी म्हणते, गावाकडची ओळखीची माणसं आहेत. ही ओळ मी गिळली. आईला माझ्या आवाजातला खड्डा लगेच कळला. "काय म्हने ती?" सांगावं लागलं. मला वाटलं आता शिव्या घालेल. ती म्हणाली, "गिऱ्हाईक व्हतं ना समोर."

बस, एवढंच. मागच्या आठवड्यात माझी मीटिंग चालू असताना मागून तिचा आवाज आला, तेव्हा मी घाईघाईने माइक बंद केला होता. ते मला आठवलं, तिला आठवलं की नाही कोण जाणे.

असो. नोरिको नावाची विधवा सून आहे त्यात (सेत्सुको हारा, काय बाई आहे!), नवरा युद्धात गेलेला, तरी पोटच्या पोरांपेक्षा तीच सासू-सासऱ्यांना फिरवते. शेवटी सासरा तिला सासूचं घड्याळ देतो. आईचं मत: "बरं कयं. नही ते ती आंडेर लई जाती." कारण ती मुलगी तेराव्याआधीच आईचं लुगडं मागते. तिकडे तेरावा नसतो, पण मी तसंच सांगितलं.

आणि एक गंमत. तो सत्तरीचा म्हातारा करणारा चिशू र्‍यू तेव्हा ४९ वर्षांचा होता. मी ४७ चा आहे. आरशात बघून आलो.

तर, तुम्ही अलीकडे जुनं किंवा परदेशी काय पाहिलं ते लिहा. आणि आईला पुढे काय लावू तेही सांगा. मारामारी चालते, रडारड नको. फार भराभर बोलणारी माणसं नकोत, माझी जीभ तेवढी पळत नाही.

लोकोशेड_भुसावळ

काकूंना नमस्कार सांगा. थेंब वेळेवर टाका, माझं एका डोळ्याचं झालंय, दुसऱ्याचं दिवाळीनंतर.

मी गेल्या महिन्यात 'द ट्रेन' पाहिला, १९६४ चा, फ्रँकनहायमरचा. नातवाने लावून दिला आणि म्हणाला, आजोबा, यात तुमचं दुकान आहे. खरंच आहे. १९४४ चा ऑगस्ट, पॅरिस सुटायच्या बेतात, जर्मन कर्नल फ्रान्समधली भारी भारी चित्रं आगगाडीत भरून जर्मनीला न्यायला निघतो, आणि रेल्वेवाले ती गाडी अडकवतात. स्टेशनांच्या पाट्या बदलून जर्मनांना वाटायला लावतात की आलो आपण आपल्या देशात, आणि गाडी गोल फिरून परत तिथेच. हसून हसून पोट दुखलं.

पण मी लिहितोय ते दुसऱ्या दोन जागांसाठी. एक म्हातारा ड्रायव्हर आहे. तो इंजिनाच्या तेलाच्या वाटेत फ्रँकची नाणी कोंबतो. तेल पोचत नाही, बेअरिंग गरम होऊन गाडी बसते. जर्मनांना कळतं आणि म्हाताऱ्याला गोळी घालतात. आता ही गोष्ट ज्याने स्टीम इंजिनाखाली झोपून तेल दिलंय त्यालाच सुचणार. लेखकाला कुणीतरी शेडमधल्याने सांगितलं असणार, यावर मी पैज लावायला तयार आहे.

दुसरी जागा म्हणजे, बर्ट लँकेस्टर स्वतः भट्टीजवळ उभा राहून बेअरिंगसाठी व्हाइट मेटल ओततो, सगळं न तोडता दाखवलंय. मी भुसावळला शेडमध्ये फिटर म्हणून लागलो तेव्हा वाफेची इंजिनं होती, आणि मिस्त्रींनी पहिली शिकवण दिली ती हीच: साचा आधी तापवून खडखडीत कोरडा करायचा. जरा जरी ओल राहिली तरी धातू उडतो. माझ्या उजव्या मनगटावर अजून तीन ठिपके आहेत. लँकेस्टरचा हात बघितला, तो ओतताना थांबत नाही, धार तुटू देत नाही. नातवाला म्हटलं, हा माणूस शिकून आलाय. सिनेमात इतर वेळी हिरो हातोडी धरतो ती चमचा धरल्यासारखी.

गाड्यांची टक्कर खऱ्या गाड्यांची आहे, खेळण्यातली नाही. बॉम्बने उडवलेलं यार्डही खरं, फ्रेंच रेल्वेला ते तसंही पाडायचंच होतं. आणि लँकेस्टर मध्येच लंगडायला लागतो ना, ते अभिनय नव्हे. सुट्टीच्या दिवशी गोल्फ खेळताना गुडघा दुखावला, म्हणून गोष्टीत त्याला पायात गोळी मारून घेतली! याला म्हणतात ड्युटीवर राहणं.

झोपाळू_धुळेकर

मी पण शहाणपणा करायला गेलो भो. कॉलेजमधल्या एका मित्राने सांगितलं, तारकोव्हस्कीचा 'स्टॉकर' बघ, आयुष्य बदलेल. १९७९ चा रशियन. पावणेतीन तास धरून चला. तीन माणसं एका बंदी असलेल्या जागेत जातात, तिथे एक खोली आहे, तिथे मनातली इच्छा पूर्ण होते म्हणे. ती रुळावरच्या एका छोट्या गाडीवर बसतात आणि जातात. जातात. जातात. मागून खडखड खडखड. त्या तिघांची डोकी दिसतात, बाकी काही नाही. माझी इच्छा तिथेच पूर्ण झाली, मी झोपलो. उठलो तेव्हा ती पोचली होती आणि भांडत होती.

नंतर कळलं की आधी काढलेलं बरंचसं चित्रीकरण लॅबमध्ये धुताना खराब झालं, म्हणून सगळं परत काढावं लागलं. लॅबवाल्यालाही खडखड ऐकून डुलकी लागली असेल.

पारोळेकर दादा, आईंना हा लावू नका. किंवा लावा, कूलरपेक्षा गार झोप लागते.

लोकोशेड_भुसावळ

त्या छोट्या गाडीला मोटर ट्रॉली म्हणतात. ढकलायची ती पुश ट्रॉली. आणि तिच्यावर रात्रीच्या ड्युटीनंतर बसलात तर आमच्या पीडब्ल्यूआय (रूळ तपासणाऱ्या) साहेबांनाही झोप लागायची, त्यात तारकोव्हस्कीचा दोष नाही.

शिरपूरची

मी दोन पाहिले. 'बायसिकल थीव्ह्ज' (१९४८) बद्दल इतकं लिहून झालंय की मी फक्त एका जागेचं लिहिते. नवऱ्याला भिंतीवर पोस्टर चिकटवायची नोकरी लागते, सायकल असेल तरच. सायकल गहाण पडलेली. बायको उठते, पलंगावरच्या चादरी ओढते आणि गाठोडं बांधते. दुकानात ते गाठोडं घेतल्यावर माणूस ते ठेवायला आत जातो, फळीवर चढतो, आणखी वर चढतो, आणि कॅमेरा वर वर जातो तर छतापर्यंत गाठोडीच गाठोडी. एवढ्या घरांच्या चादरी! मी पॉज केलं. आमच्याकडे जूनमध्ये बियाणं-खतासाठी पोत, बांगड्या सराफाकडे जातात आणि कापूस विकल्यावर सुटतात (सुटल्या तर). आमच्या सासूबाई सराफाच्या दुकानात कधी वर बघत नाहीत. मला वाटायचं लाजतात म्हणून. आता वाटतं, त्यांना ती फळी दिसत असणार.

बाप झालेला लाम्बेर्तो माज्जोरानी खरोखरचा कारखान्यातला कामगार होता. दिग्दर्शक दे सिकाने नट घेतलाच नाही.

दुसरा 'मंथन', १९७६. परदेशी नाही, पण जुना आहे, आणि आमच्या स्मिताचा आहे! स्मिता पाटील शिरपूरची, म्हणजे तिचे वडील शिवाजीराव पाटील इथले, हे आम्ही पाहुण्यांना चहाआधी सांगतो. बेनेगलांच्या या सिनेमाला पैसे दिले गुजरातच्या दूध उत्पादक शेतकऱ्यांनी, पाच लाख जणांनी दोन-दोन रुपये. १० लाखांत सिनेमा. आणि मग तेच शेतकरी ट्रक भरभरून बघायलाही गेले, स्वतःचाच सिनेमा म्हणून. २०२४ मध्ये दुरुस्त केलेली प्रत कानच्या चित्रपट महोत्सवात दाखवली, तीच मी पाहिली. रंग असे धुतल्यासारखे की बिंदूच्या (म्हणजे स्मिताच्या) ओढणीची वीण दिसते.

गावात दूध सोसायटी काढायला आलेला डॉक्टर राव दुधाचा नमुना तपासायला घेतो तेव्हा बिंदू त्याच्याकडे जशी बघते ना, तसंच आमच्या वाड्यावरची प्रत्येक बाई डेअरीच्या फॅट मशीनकडे बघते. मशीन काय आकडा दाखवेल यावर आठवड्याचा बाजार ठरतो. एकदा आमच्या संकलन केंद्रावर सलग दहा दिवस सगळ्यांची फॅट सारखीच लागत होती, म्हशीची आणि गाईचीसुद्धा. विचारलं तर म्हणे मशीन गरम होतं. स्मिताने असं ऐकून घेतलं नसतं.

पारोळेकर भाऊ, आईंना 'मंथन' लावा. तिथे तुम्हाला तोंड चालवावं लागणार नाही.

कपाशीवाला

चोपड्याहून. मारामारी पाहिजे असेल तर 'सेव्हन समुराई'. कुरोसावा, १९५४. तीन तास सत्तावीस मिनिटं, म्हणजे दोन दुपारी. गोष्ट सगळ्यांना माहीत आहे: दरोडेखोर टेकडीवरून गाव बघतात आणि म्हणतात, आत्ता नको, पीक निघाल्यावर येऊ. ते वाक्य ऐकूनच मी सरसावून बसलो. आमच्याकडेही व्यापारी तसंच म्हणतो.

मी हा कॉलेजात असताना पाहिला होता, तेव्हा तलवारी पाहिल्या. आता केळी लावतो, तर भात पाहिला. शेतकऱ्यांकडे समुराईंना द्यायला पैसे नाहीत. देणार काय तर पोटभर पांढरा भात. आणि स्वतः खाणार भगरीसारखं काहीतरी बारीक धान्य. शहरात मुक्काम असताना त्यांचा उरलेला तांदूळ कुणीतरी चोरतं. हंड्याच्या तळाशी राहिलेले, जमिनीवर सांडलेले दाणे तो रडका शेतकरी एकेक करून बोटाने वेचतो. नुसतं बोट आणि दाणा दिसतो, किती वेळ. मारामारीचा एकही प्रसंग मला एवढा आठवत नाही. आमची आजी मळणीनंतर खळ्यावर अशीच बसायची. आम्ही हसायचो.

मिफुने जो येडा समुराई झालाय तो मुळात शेतकऱ्याचाच पोरगा. शेतकऱ्यांनी मेलेल्या समुराईंची चिलखतं लपवून ठेवलेली सापडतात, बाकीचे समुराई भडकतात. तेव्हा हा ओरडतो, की शेतकरी लबाड आहेत, कंजूष आहेत, जमिनीखाली धान्य पुरतात, सगळं खरं! पण त्यांना असं केलं कुणी? तुम्ही! मी टाळ्या वाजवल्या. घरात एकटा होतो. बायकोने येऊन विचारलं, मॅच आहे का?

चौघे समुराई मरतात, आणि चौघेही बंदुकीने. तलवारीने एकही नाही. हे मला दुसऱ्यांदा पाहताना लक्षात आलं.

ऑपरेटर_चाळीसगाव

पारोळेकर साहेब, तुम्ही केलं त्याला जपानमध्ये नाव आहे. बेन्शी. मूकपटाच्या काळात तिकडे पडद्याशेजारी एक माणूस उभा राहायचा, सगळ्या पात्रांचे आवाज काढायचा, गोष्ट सांगायचा, आणि लोक नटापेक्षा त्याचं नाव बघून तिकीट काढायचे. बोलपट आले आणि बिचाऱ्यांची रोजी गेली. कपाशीवाल्या भाऊंचा कुरोसावा, त्याचा थोरला भाऊ बेन्शीच होता. धंदा बुडाला, पुढे त्याने जीव दिला. आणि तुमचा तो ओझू, त्याने जिद्दीने १९३५-३६ पर्यंत मूकपटच काढले. म्हणजे तो ज्या माणसांसाठी सिनेमा काढत होता, त्या गर्दीला सिनेमा समजावून सांगणारा शेजारी उभा असायचा. तुम्ही काही चुकीचं केलं नाही.

मी टूरिंग टॉकीजला होतो, मग पंधरा वर्षं चाळीसगाव-पाचोऱ्याकडे टॉकीजमध्ये मशीनवर. टॉकीजला दोन मशीन असतात. रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात ठिपका चमकतो. पहिल्या ठिपक्याला दुसऱ्या मशीनची मोटर, दुसऱ्या ठिपक्याला बदली. तुम्ही घरी जुना सिनेमा बघता त्यात अजून तो ठिपका दिसतो कधी कधी. मला दिसला की हात आपोआप उचलतो, बायको म्हणते, माशी आहे का?

पण जत्रेतल्या तंबूत एकच मशीन. रीळ संपलं की पांढरा पडदा, दिवा, आणि मी दुसरं रीळ चढवेपर्यंत पब्लिक मोकळं. त्या दोन-तीन मिनिटांत बायकांच्या बाजूला काय चालायचं ते मला झरोक्यातून ऐकू यायचं. एक म्हातारी मागे बसून सगळ्यांना आत्तापर्यंत काय झालं ते सांगायची, आणि पुढे काय होणार तेही. नव्वद टक्के बरोबर! कधी कधी मीच रीळ चुकून मागे-पुढे लावलं, तर तिने ते जोडून घ्यायचं. मालकाला पत्ता लागला नाही.

तुमच्या आईंना ओझूचाच 'द ओन्ली सन' लावा, १९३६ चा, त्याचा पहिला बोलपट. रेशमाच्या गिरणीत राबून आई पोराला शिकवते, टोकियोला त्याला बघायला जाते, तर तो रात्रशाळेचा मास्तर. रडारड आहे. पण तुमच्या आई ज्या "गिऱ्हाईक व्हतं ना" म्हणतात, त्या रडणार नाहीत.

मालेगाववाला

आम्हाला खान्देशात धरता का? जिल्हा नाशिक, पण बोली ऐका आणि ठरवा.

सगळे जपान-फ्रान्स करतायत म्हणून आठवण करून देतो, आमच्याकडे यंत्रमागावरचे कामगार 'शोले'चा मालेगाव अवतार काढून बसले होते, २००० साली, आणि मग सुपरमॅन. कॅमेरा सायकलवर बांधून. त्यावर २००८ ची डॉक्युमेंटरी आहे ती बघा, २०२५ चा हिंदी सिनेमा नंतर बघितला तरी चालेल. डॉक्युमेंटरीतला काडीपहिलवान सुपरमॅन बघून माझ्या मुलाने विचारलं, हा खरा आहे का? म्हटलं, तोच खरा.

गुरुजी_अक्राणी

ऑपरेटर काकांचं बेन्शीचं वाचून लिहावंसं वाटलं.

मी धडगाव भागात जिल्हा परिषद शाळेत आहे. तिसरी-चौथी एकत्र बसते. एप्रिलमध्ये परीक्षा झाल्यावर मुलांना अब्बास किआरोस्तामीचा 'व्हेअर इज द फ्रेंड्स हाउस' दाखवला, इराणचा, १९८७. अहमद नावाचा मुलगा चुकून मित्राची वही घरी घेऊन येतो. मित्राने गृहपाठ वहीत केला नाही तर मास्तर त्याला शाळेतून काढणार आहेत. म्हणून हा वही परत द्यायला शेजारच्या गावी पळतो, आणि घर सापडत नाही. संपली गोष्ट. दीड तासही नाही.

फारसी बोलणं, खाली इंग्रजी. मी मराठीत सांगायचो. आमच्या मुलांची घरची भाषा पावरी, तिसरीच्या मुलांना माझं मराठी अर्धंच पोचतं. म्हणून चौथीतली एक मुलगी मागे वळून पावरीत सांगायला लागली. मी सांगितलं नव्हतं. थोड्या वेळाने लक्षात आलं की माझं एक वाक्य आणि तिची पाच, असं चाललंय. मला पावरी कामापुरतं कळतं. ती अहमदच्या आईला शिव्या घालत होती. कारण ती आई मुलाचं ऐकतच नाही. तो म्हणतो मित्राची वही द्यायचीय, ती म्हणते बाळाला झोका दे, दुपटं आण, पाव आण, आधी गृहपाठ कर. आमच्या मुली सगळ्या धाकट्या भावंडांना कडेवर घेऊनच शाळेत येतात. त्यांना भाषांतराची गरजच नव्हती.

मग आजोबांचा प्रसंग. आजोबा नातवाला काम नसताना सिगारेट आणायला पाठवतात आणि शेजाऱ्याला सांगतात, माझा बाप मला दर आठवड्याला एक नाणं द्यायचा आणि दर पंधरवड्याला एक मार. नाणं द्यायला कधी कधी विसरायचा, मार द्यायला कधीच नाही. सगळा वर्ग हसला. हसून झाल्यावर सगळ्यांनी एकदम माझ्याकडे बघितलं. मी टीव्हीच्या वायरकडे बघितलं.

त्या टेकडीवरचा नागमोडी रस्ता आणि माथ्यावरचं एकटं झाड फार प्रसिद्ध आहे. तो रस्ता तिथे नव्हता, किआरोस्तामीने सिनेमासाठी पाडून घेतला. मुलांना हे सांगितलं तर एकाने विचारलं, आपल्याकडे तोरणमाळला सातपायरीचा घाट आहे, तो कुठल्या सिनेमासाठी केला?

झोपाळू_धुळेकर

गुरुजी, शेवटी वही मिळाली का मित्राला? मी झोपलो नाही, तुम्हीच सांगितलं नाही.

गुरुजी_अक्राणी

घर सापडत नाही. अहमद रात्री बसून मित्राचाही गृहपाठ स्वतःच लिहून काढतो. सकाळी मास्तर वही उघडून तपासतात, शाबास म्हणतात, आणि पानात एक छोटं फूल असतं, रात्री वाटेत एका म्हाताऱ्या सुताराने दिलेलं. मास्तरांना काही कळत नाही. आमच्या वर्गाला कळलं आणि असा गलका झाला की शेजारच्या वर्गाचे सर आले.

पारोळेकर

सगळ्यांचे आभार. कपाशीवाल्या भाऊंचं ऐकून 'सेव्हन समुराई' लावला, दोन दुपारी. आता डॉक्टरांनी टीव्ही बघायची परवानगी दिलीय, काळा चष्मा घालूनच. पण आईने सांगितलं, "तू सांग. तू सांगस ते चांगलं वाटस."

दाणे वेचण्याच्या प्रसंगाला मी काहीच बोललो नाही, तिथे बोलण्यासारखं नाहीच. ती चष्मा जरा वर करून बघत होती. म्हणाली, "ज्वारी शे का?" म्हटलं, तांदूळ. "तांदूय? मंग येचेलच."

लढाईत तिला रस नाही. चिखल फार होता, म्हणाली, वाफसा नाही आणि पेरणी कशी करतील? आणि गंमत म्हणजे सिनेमा संपतो तेव्हा शेतकरी खरंच लावणी करतायत, गाणी म्हणत, आणि उरलेले समुराई कडेला उभे. ती उठून बसली.

शिरपूरच्या ताई, 'मंथन' रविवारी. ऑपरेटर काका, 'द ओन्ली सन' मी आधी एकटा बघेन, मग ठरवेन.

लोकोशेड काका, तुमच्यासाठी एक प्रश्न आहे. काल रात्री जेवताना आई मध्येच म्हणाली, "त्या म्हाताराना मंग काय व्हयनं?" मला आधी कळलंच नाही कोणता म्हातारा. टोकियोवाला. दोन आठवडे झाले! सिनेमा संपतो तेव्हा तो एकटा पंखा हलवत बसलेला असतो. शेजारीण खिडकीतून चौकशी करते. तो म्हणतो, एकट्याला दिवस मोठा वाटतो. तेवढंच. पुढचं मी काय सांगणार? मग तिनेच आठवून सांगितलं की त्याचा एक मुलगा ओसाकाला रेल्वेत आहे. खरंच आहे, मी विसरलो होतो. तर ती म्हणते, "रेल्वेवाला आंडोर शे ना त्याना? त्याले म्हना, बापना पास काढी दे. दर महिनाले येत-जात राहीन."

काका, निघतो का पास?

लोकोशेड_भुसावळ

काकूंना सांगा, आमच्याकडे आईचा निघतो, तीही विधवा आणि मुलावर अवलंबून असेल तर. बापाचा निघत नाही. माझ्या वडिलांच्या वेळी मी साहेबांच्या टेबलाशी तीन चकरा मारल्या होत्या.

पारोळेकर

सांगितलं काका. पंखा थांबवून ऐकलं तिने. मग म्हणाली, "मंग तिकिट काढी दे म्हना."